लग्नाशिवाय जोडीदाराला कॅनडात बोलावताना: मोजणी, पुरावे आणि अर्जाचा क्रम

पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटसाठी सोसायटीने जो पडताळणीचा फॉर्म भरून घेतला होता, त्यात मालकांनी माझ्या नावापुढे नातं लिहिलं होतं: मावसबहीण. तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. दोन वर्षांनी कॅनडाची फाइल लावायला बसलो, तेव्हा दोघांची नावं आणि तो पत्ता एकत्र असलेला घरातला एकमेव कागद तोच निघाला. त्यावर आम्ही मावसभावंडं!

आपल्याकडच्या जोडप्यांचं घोडं अडतं ते इथेच. घरमालक, सोसायटी, आई-बाबा या सगळ्यांपासून जे जपून लपवलं, तेच आता कागदानिशी दाखवायचं असतं. कॅनडा लग्नाचा दाखला मागत नाही हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या दाखल्याच्या जागी काय काय लागतं आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र चुकतं. खाली तोच क्रम दिला आहे.

टप्पा १: आधी बारा महिने मोजा

कॅनडाच्या नियमांत कॉमन-लॉ पार्टनर म्हणजे जिच्याबरोबर किंवा ज्याच्याबरोबर तुम्ही नवरा-बायकोसारखे, एका छताखाली, किमान एक वर्ष सलग राहिला आहात अशी व्यक्ती. पाच वर्षांची ओळख, रोजचा व्हिडिओ कॉल, दर शनिवार-रविवार मुंबई-पुणे यातलं काहीही या वर्षात धरत नाहीत. तीन महिने इथे, चार महिने तिथे, अशी बेरीजही चालत नाही.

मध्ये थोडे दिवस कुणी बाहेर गेलं तर वर्ष तुटत नाही. ऑफिसचा दौरा, आईचं ऑपरेशन, दिवाळीला गावी, हे सगळं चालतं. त्या काळात दुसऱ्याने घर चालू ठेवलेलं असावं आणि गेलेला परत त्याच घरी आलेला असावा.

एक कागद घ्या. वर पहिली तारीख लिहा: ज्या दिवशी दोघांचं सामान एका घरात आलं तो दिवस. खाली शेवटची तारीख. मधल्या गैरहजेरी पासपोर्टचे शिक्के आणि तिकिटं बघून भरा. आठवणीवर जाऊ नका, आठवण नेहमी आपल्या सोयीचं बोलते.

> इशारा: महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. म्हणजे एकट्या करारावर तुमचं वर्ष कधीच भरत नाही. नूतनीकरणाचा दुसरा करार किंवा बाराव्या महिन्याचा दुसरा ठोस कागद हवाच. ही चूक मी इतक्या जणांच्या फायलीत पाहिली आहे की आता पहिला प्रश्न तोच विचारते.

वर्ष भरत नसेल तर अर्ज पुढे ढकला. बारा महिने अर्ज दाखल करण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. निकाल लागेपर्यंत भरतील, हा हिशेब चालत नाही. जोडीदाराला कॅनडात येणं शक्य असेल तर व्हिजिटर व्हिसावर येऊन, साधारण सहा महिन्यांची मुदत संपण्याआधी मुक्काम वाढवण्याचा अर्ज करून, इथेच वर्ष पुरं करणारी जोडपी बरीच आहेत. पुढे कायम राहण्याचा विचार आहे म्हणून तात्पुरता व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. कायद्यात दोन्ही इरादे एकत्र असायला मुभा आहे. फक्त मुदत संपल्यावर परत जाल, हे अधिकाऱ्याला पटावं लागतं.

टप्पा २: जुने अर्ज बाहेर काढा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा तपशिलात जाते.

समजा, तुम्ही दोघं १० जुलै २०२१ पासून एकत्र राहत होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये एकाने स्टडी परमिटसाठी अर्ज केला आणि वैवाहिक स्थितीत 'सिंगल' लिहिलं. तेव्हा नऊच महिने झाले होते, त्यामुळे ते बरोबर होतं. २५ ऑगस्ट २०२२ ला विमान पकडलं, तोवर साडेतेरा महिने झाले होते. म्हणजे विमानात बसताना तुम्ही कॅनडाच्या लेखी कॉमन-लॉ झालेले होता, लग्नपत्रिका छापलेली नसली तरी. पुढे नातं टिकून होतं, आणि २०२४ मध्ये पीआरच्या (पर्मनंट रेसिडेन्स, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या) अर्जात सवयीने पुन्हा 'सिंगल' लिहिलं. आता त्याच जोडीदाराला बोलावायला निघालात, आणि अर्जात लिहिताय की आम्ही २०२१ पासून एकत्र आहोत.

इमिग्रेशन नियमावलीच्या कलम ११७(९)(ड) चा अर्थ सोप्या भाषेत असा: पीआर घेताना जो कुटुंबीय होता पण जाहीर केला नाही, त्यामुळे ज्याची वैद्यकीय वगैरे तपासणी झाली नाही, त्याला नंतर फॅमिली क्लासमध्ये (कुटुंबीयांसाठीच्या वर्गात) स्पॉन्सर करता येत नाही, म्हणजे हमी देऊन बोलावता येत नाही. शिवाय चुकीची माहिती दिल्याचा ठपका वेगळा. तो सिद्ध झाला तर पाच वर्षांची बंदी येते, आणि स्पॉन्सरचा स्वतःचा पीआरही अडचणीत येऊ शकतो.

अर्ज टाकताना वर्ष भरलं नव्हतं पण पीआर हातात पडण्याआधी भरलं, अशा वेळीही कळवावं लागतं. जोडीदार सोबत येणार नसला तरी 'सोबत न येणारा' म्हणून त्याचं नाव द्यायचं आणि त्याची मेडिकल करून घ्यायची. आमच्या बाबतीत नेमकं हेच कामी आलं. माझ्या जोडीदाराने त्याच्या पीआरच्या वेळी माझं नाव दिलं, मी पुण्यात बसून मेडिकल दिली आणि सोबत गेले नाही. म्हणून पुढची वाट मोकळी राहिली.

> तपासा: स्टडी परमिट, वर्क परमिट, व्हिजिटर व्हिसा, एक्स्प्रेस एंट्री (कुशल कामगारांसाठीचा पीआरचा मार्ग), या प्रत्येक अर्जाची तारीख आणि त्यात लिहिलेली वैवाहिक स्थिती एका तक्त्यात मांडा. शेजारी टप्पा १ मधल्या तारखा ठेवा. कुठेही विसंगती दिसली तर इथेच थांबा आणि कॅनडातला वकील गाठा. मानवतावादी कारणांवर सूट मागता येते, पण ते काम घरच्या घरी करायचं नाही.

स्पॉन्सर कॅनडात असेल तर इन्कम टॅक्सही बघा. कॅनडा रेव्हेन्यू एजन्सीकडेही कॉमन-लॉची अट बारा महिन्यांची आहे आणि स्थिती बदलली की पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत कळवायची असते. इमिग्रेशनला 'आम्ही दोघं' आणि टॅक्सला 'मी एकटाच' असे कागद एकाच फाइलमध्ये गेले, तर अधिकाऱ्याला फार शोधावं लागत नाही.

टप्पा ३: तुम्ही कोणत्या खान्यात बसता ते ठरवा

वर्ष भरलं असेल तर कॉमन-लॉ. नसेल भरलं, आणि भरणं खरोखरच अशक्य असेल, तर पती-पत्नी आणि कॉमन-लॉ यांच्याखेरीज कॉन्जुगल पार्टनर नावाचा तिसरा खाना आहे. तो सोपा आहे असं ऐकीव ज्ञान फिरत असतं. प्रत्यक्षात तो सर्वांत अवघड आहे. जोडीदार कॅनडाबाहेर राहणारा हवा, किमान एक वर्षाचं बांधिलकीचं नातं हवं, आणि एकत्र राहणं किंवा लग्न करणं या दोन्हीत तुमच्या हाताबाहेरचा अडथळा हवा.

'घरचे तयार नाहीत', 'जात वेगळी आहे', 'आमचा लग्नसंस्थेवर विश्वास नाही' यांना अडथळा मानलं जात नाही. भारतात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, ३० दिवसांची नोटीस देऊन वेगवेगळ्या धर्मांच्या दोघांनाही लग्न करता येतं. अधिकारी तेच विचारतो: मग केलं का नाही? खरं सांगायचं तर स्त्री-पुरुष जोडप्याचं वर्ष भरत नसेल आणि लग्नाला तात्त्विक विरोध नसेल, तर नोंदणी लग्न करून पती-पत्नी म्हणून अर्ज करणं हाच कमी कटकटीचा मार्ग. हे सांगितलं की काही जण माझ्यावर रुसतात.

समलिंगी जोडप्यांचं वेगळं आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे भारतात लग्नाची वाट कायद्यानेच बंद आहे, आणि तो अडथळा कागदावर दाखवता येतो. एकत्र राहणं का जमलं नाही, हे तरीही दाखवावं लागतं: नाकारलेले व्हिसा, घरून झालेला त्रास, नोकरी जाण्याची भीती. एक वर्ष एकत्र राहिला असाल तर मात्र कॉन्जुगलच्या नादाला न लागता सरळ कॉमन-लॉ खाली अर्ज करा. कॅनडात स्त्री-पुरुष आणि समलिंगी जोडप्यांना नियम तेच आहेत.

पहिल्या लग्नाचा घटस्फोट अजून झालेला नसला तरी कॉमन-लॉ नातं मानलं जाऊ शकतं. ते लग्न प्रत्यक्षात मोडलंय आणि तुम्ही वेगळे राहताय, हे दाखवावं लागेल.

टप्पा ४: पुरावे जमवा

अर्जासोबतच्या सरकारी कागदांच्या यादीत काही गट दिलेले असतात: दोघांच्या नावचं घर किंवा भाडेकरार, एकत्र बिलं, जॉइंट खातं किंवा कार्ड, एकाच पत्त्याची सरकारी ओळखपत्रं, एकाच पत्त्यावर आलेले इतर कागद. त्यातल्या किमान दोन गटांतले पुरावे मागतात. दोनवर थांबू नका.

आता आपली परिस्थिती बघा. करार एकाच्याच नावे, कारण मालकाला 'फॅमिली' हवी होती. महावितरणचं बिल मालकाच्या नावे. गॅस जोडणी मालकाच्या सासऱ्यांच्या नावे. आधारवर दोघांचाही गावचा पत्ता. मग करायचं काय?

अजून एकत्र राहत असाल तर आजपासून सुरुवात करा:

- पुढच्या नोंदणीकृत करारात दोघांची नावं लायसन्सी म्हणून घालून घ्या. मालक कां-कूं करतो, पण वेळेवर भाडं देणारा भाडेकरू त्यालाही सोडायचा नसतो.
- बँकेत जॉइंट खातं काढा. त्यासाठी नवरा-बायको असावं लागत नाही. खात्यातून भाडं, किराणा, कामवाल्या मावशींचा पगार जाऊ दे. अर्जाआधी तीन आठवडे उघडलेलं आणि पाच हजारांवर झोपलेलं खातं उलट शंका वाढवतं.
- दोघांनीही आधार आणि बँकेतला पत्ता बदलून घ्या. एकमेकांना नॉमिनी लावा.
- ब्रॉडबँड एकाच्या नावे, मोबाइलचं पोस्टपेड बिल दुसऱ्याच्या नावे, दोन्ही त्याच पत्त्यावर.

वर्ष मागे पडलं असेल आणि आता दोघं वेगळ्या देशांत असाल, तर जुने कागद उकरावे लागतात. कंपनीच्या एचआरकडे नोंदवलेला पत्ता, पगारपत्रक, बँकेचं तेव्हाचं स्टेटमेंट, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंच्या पावत्या (वर्षभर, दोघांच्या नावे, त्याच फ्लॅट नंबरवर), भाड्याची अर्धी रक्कम दरमहा एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची यूपीआय नोंद. ही शेवटची नोंद फार बोलकी असते. आमच्या फाइलमध्ये 'भाडं + दूध' असा शेरा असलेले चौदा व्यवहार होते.

त्यानंतर माणसांची पत्रं. शेजारी, मित्र, डबेवाल्या काकू, ज्यांनी तुम्हाला त्या घरात राहताना प्रत्यक्ष पाहिलं ते. "दोघं फार चांगले आहेत" हे वाक्य निरुपयोगी आहे. आमच्या मावशींनी लिहून दिलं: "मी सकाळी साडेसातला जायचे. ताई दार उघडायच्या, दादा झोपलेले असायचे. दोघांचे कपडे एकाच कपाटात लावायचे." बारीक, रोजचं, घरात येणाऱ्यालाच माहीत असणारं. पत्रासोबत ओळखपत्राची प्रत जोडा.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं. ते तुम्ही, जोडीदाराने किंवा नातेवाइकाने केलेलं चालत नाही, मग भले तुमचा भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक असो. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही लावा.

फोटो जास्तीत जास्त २० आणि चॅट-पत्रांची पानं १०, अशी यादीतच मर्यादा आहे. वीस फोटोंत वीस सेल्फी नकोत. वेगवेगळे महिने, वेगवेगळी माणसं, घरातला एखादा पसारा, आणि प्रत्येकाखाली तारीख, जागा, कोण कोण.

> इशारा: खोटं नातं लिहिलेला कागद फाइलमध्ये असेल किंवा समोर येण्याची शक्यता असेल, तर तो गुपचूप काढून टाकून निश्चिंत होऊ नका. एका पानाचं स्पष्टीकरण द्या: कागद कोणी भरला, का भरला, खरी स्थिती काय. आम्ही 'मावसबहीण' फॉर्म स्पष्टीकरणासह जोडला. भारतात अविवाहित जोडप्याला घर मिळताना काय होतं, हे समजावून सांगायला दहा ओळी पुरतात. मागच्या तारखेचा करार बनवून घ्यायचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाचा फोन पुन्हा उचलू नका.

टप्पा ५: स्पॉन्सर पात्र आहे का

हा टप्पा छोटा आहे. वय १८ पूर्ण, कॅनडाचा नागरिक किंवा पीआर. पीआर असलेल्याने कॅनडात राहत असलं पाहिजे. पुण्यात येऊन राहिलेला पीआर तिथून स्पॉन्सर करू शकत नाही. नागरिक मात्र परत येण्याचा इरादा दाखवून बाहेरून करू शकतो. अपंगत्वाचं कारण सोडून सरकारी सोशल असिस्टन्स (गरजूंना मिळणारी आर्थिक मदत) घेत असेल तर अपात्र. स्वतः पती, पत्नी किंवा जोडीदार म्हणून स्पॉन्सर होऊन आला असेल, तर पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं थांबायचं. आधीच्या जोडीदारासाठी दिलेली तीन वर्षांची हमी चालू असेल, तरीही थांबायचं.

किमान उत्पन्नाचा आकडा जोडीदारासाठी सहसा लागू होत नाही. आई-वडिलांना बोलावण्याच्या नियमांशी गल्लत करून लोक उगाच घाबरतात. क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांना प्रांताकडे वेगळं हमीपत्र द्यावं लागतं, तिथली वाट निराळी आहे.

टप्पा ६: आतून की बाहेरून

जोडीदार कॅनडात तुमच्याबरोबरच राहत असेल तर आतल्या वर्गातून अर्ज करता येतो, आणि ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करण्याचा परवाना) मागता येतं. पण त्या काळात देश सोडणं जोखमीचं. परत प्रवेश मिळाला नाही तर अर्जच कोसळू शकतो. नकार आला तर इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे दादही मागता येत नाही, फेडरल कोर्टाची परवानगी मागावी लागते आणि त्यासाठी फक्त १५ दिवस मिळतात.

बाहेरच्या वर्गातून अर्ज केला तर नकारानंतर स्पॉन्सरला ३० दिवसांत अपील करता येतं. जोडीदार कॅनडात असला तरी हा वर्ग निवडता येतो. घरी वय झालेले आई-वडील असतील, मध्येच भारतात धावावं लागण्याची शक्यता असेल, तर मी डोळे झाकून बाहेरचा वर्ग सुचवेन. कॉन्जुगल पार्टनरला तर दुसरा पर्यायच नाही.

टप्पा ७: फॉर्म, या क्रमाने

1. आयएमएम ५५३३, म्हणजे कागदांची यादी. आधी ही वाचा, भरा मात्र सर्वांत शेवटी.
2. आयएमएम ५५३२, नात्याची माहिती. दोघांनी वेगवेगळं बसून कच्चं लिहा, मग तारखा जुळवा. पहिली भेट, एकत्र राहायला आलो तो दिवस, कोण कोणाच्या घरी गेलं, घरच्यांना कल्पना आहे का. घरच्यांना माहीत नसेल तर तसं लिहा आणि कारण द्या. "सगळ्यांना माहीत आहे" असं लिहून एकही फोटो आई-वडिलांसोबत नसणं वाईट दिसतं.
3. आयएमएम ५४०९, कॉमन-लॉ नात्याचं प्रतिज्ञापत्र. दोघांची सही नोटरीसमोर. हे पुराव्यांना जोड म्हणून असतं, पुराव्यांच्या जागी नसतं.
4. आयएमएम १३४४, स्पॉन्सरचा अर्ज आणि हमी. स्पॉन्सर अपात्र ठरला तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा, असा एक प्रश्न यात आहे. अपिलाचा हक्क हवा असेल तर पुढे चालवायचा निवडावा लागतो. 'मागे' निवडलं तर स्पॉन्सरशिपची फी सोडून बाकीचे पैसे परत मिळतात.
5. आयएमएम ०००८, ५६६९ आणि ५४०६ हे पीआर पोर्टलवर ऑनलाइन भरायचे. ५६६९ मध्ये गेल्या दहा वर्षांचा हिशेब महिन्या-महिन्याने मागतात. बेकार होतो, परीक्षेची तयारी करत होतो, हेही लिहायचं. एक महिना रिकामा राहिला तरी फाइल परत येऊ शकते.

> तपासा: एकत्र राहायला लागल्याची तारीख ५५३२, ५४०९ आणि ५६६९ मधल्या पत्त्यांच्या यादीत तंतोतंत एकच आहे ना? ५६६९ मध्ये सवयीने आई-वडिलांच्या घरचा पत्ता टाकणारे खूप भेटतात. आपणच लिहिलेल्या पत्त्याने आपलाच दावा खोडला जातो.

टप्पा ८: फी भरा, अर्ज पाठवा

एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या दराने स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५ आणि पीआरचा हक्क ५७५, असे एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर होत होते. बायोमेट्रिकचे ८५ वेगळे. हे दर साधारण दोन वर्षांनी बदलतात, म्हणून भरायच्या दिवशी सरकारी पानावरचा आकडा बघा. पोर्टलवरचं खातं अर्जदार जोडीदाराच्या नावे असतं, स्पॉन्सरचे फॉर्म त्यातच चढवायचे.

पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार कॅनडाचे वकील, क्यूबेकचे नोटरी आणि परवानाधारक कन्सल्टंट यांनाच आहे. डेक्कनवरच्या एजंटने 'आपली ओळख आहे' म्हटलं, तर त्याला परवाना क्रमांक विचारा. आयएमएम ५४७६ वर स्वतःचं नाव घालायला तो तयार नसेल, तर काय समजायचं ते समजा.

टप्पा ९: पत्रं यायला लागली की

बायोमेट्रिकचं पत्र आलं की ३० दिवस मिळतात. पुण्यात आणि मुंबईत व्हीएफएस या व्हिसाचं काम बघणाऱ्या कंपनीची केंद्रं आहेत. मेडिकल फक्त कॅनडाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच. घरच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट कितीही कडक असलं तरी चालत नाही. जोडीदाराला उपचारांचा खर्च जास्त येईल या कारणावरून नाकारता येत नाही, त्यामुळे जुना आजार लपवू नका.

पोलिस क्लिअरन्स हा प्रमाणपत्राचा प्रकार लोक हमखास चुकवतात. १८ वर्षांनंतर, गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचं लागतं. भारताचं पासपोर्ट कार्यालयातूनच घ्या, फी ५०० रुपये. चौकीतून आणलेलं चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं. पोलिस घरी चौकशीला येतील तेव्हा अर्जावरच्या पत्त्यावर कुणीतरी हजर असू दे, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

शंका असेल तर अधिकारी खुलासा मागणारं पत्र पाठवतो किंवा मुलाखतीला बोलावतो. पत्राचं उत्तर त्यातल्या मुदतीत, मुद्द्याला मुद्दा, नव्या कागदांसह द्या. मुलाखतीत प्रश्न साधे असतात: गादीची कोणती बाजू कोणाची, गिझर कुठे, भाडं कोण भरायचं. पाठांतर करून जाऊ नका. 'आठवत नाही' हे उत्तर चालतं, दोघांची शब्दशः सारखी उत्तरं खटकतात.

वाट बघण्याच्या काळात पत्ता, नोकरी, पासपोर्ट बदलला, बाळ होणार असेल, मध्येच लग्न केलंत, तर लगेच कळवा. पीआर पक्का होण्याआधी जन्मलेलं मूल जाहीर करायचं राहिलं, तर टप्पा २ मधलं तेच कलम त्या मुलाला लागतं.

स्पॉन्सरने एक गोष्ट सही करण्याआधी वाचावी. तीन वर्षांची हमी जोडीदाराला पीआर मिळेल त्या दिवसापासून सुरू होते, आणि नातं चौथ्या महिन्यात मोडलं तरी संपत नाही. त्या काळात जोडीदाराने सोशल असिस्टन्स घेतलं, तर ती रक्कम सरकार स्पॉन्सरकडून वसूल करू शकतं. दोन वर्षं एकत्र राहण्याची सशर्त पीआर पद्धत २०१७ मध्येच बंद झाली आहे. ती भीती दाखवून कुणी जोडीदाराला घरात अडकवून ठेवत असेल, तर ते खोटं आहे.